पंडिता रमाबाईंचे अमेरिकावर्णन : प्रवासी, पुराणिक आणि ‘आपण’

१

मराठीतील परदेशप्रवासवर्णनांची चर्चा निघाली की आपल्या समीक्षेपुढे ठराविक ग्रंथांची एक मालिका उभी राहते. अनंत काणेकर यांचे ‘धुक्यातून लाल ताऱ्याकडे’ (१९४०), गंगाधर गाडगीळ यांचे ‘सातासमुद्रापलीकडे’ (१९५९), पु. ल. देशपांडे यांची ‘अपूर्वाई’ (१९६०) व ‘पूर्वरंग’ (१९६३) ही त्या मालिकेतील ठळक नावे होत. या ग्रंथांनी प्रवासवर्णनाला ललित वाङ्मयाच्या पंक्तीला बसविले, याबद्दल दुमत होण्याचे कारण नाही. प्रवास करणारी व्यक्ती, तिचा स्वभाव, तिच्या आवडीनिवडी, तिची फजिती आणि तिचा आनंद यांना या ग्रंथांत मध्यवर्ती स्थान मिळाले. पाहिलेला देश हा त्या व्यक्तीच्या मनावर उमटलेल्या प्रतिमेच्या रूपानेच वाचकापुढे येऊ लागला. काणेकरांच्या ग्रंथाचे नावच पाहावे. त्यातील धुके आणि तारा ही नकाशावरील स्थळे नव्हेत. ती लेखकाच्या मनातील स्थळे आहेत.

या यशाचा एक परिणाम मात्र आपण पुरेसा तपासलेला नाही. ज्या गुणामुळे हे ग्रंथ वाङ्मय ठरले, तोच गुण पुढे या प्रकाराचा एकमेव निकष होऊन बसला. जेथे प्रवाशाचा ‘मी’ दिसतो तेथे वाङ्मय, आणि जेथे तो दिसत नाही तेथे केवळ माहिती, अशी विभागणी रूढ झाली. या विभागणीमुळे एकोणिसाव्या शतकातील काही ग्रंथ आपोआपच ‘माहितीपर’ या कोनाड्यात गेले. त्यांचा उल्लेख इतिहासाच्या पुस्तकात एका ओळीत होतो. वाचन मात्र क्वचितच होते.

पंडिता रमाबाई यांचा ‘युनायटेड स्टेट्सची लोकस्थिति आणि प्रवासवृत्त’ (१८८९) हा असाच एक ग्रंथ आहे. रमाबाईंच्या सामाजिक कार्याविषयी, धर्मांतराविषयी व त्यांच्याभोवती उठलेल्या वादळांविषयी विपुल लिहिले गेले आहे. परंतु गद्यलेखिका म्हणून, आणि त्यातही प्रवासवर्णनकार म्हणून, त्यांचा विचार त्या मानाने फारच थोडा झाला. २००३ साली या ग्रंथाचे दोन स्वतंत्र इंग्रजी अनुवाद प्रसिद्ध झाले. त्यांतील एक मीरा कोसंबी यांचा आहे. ज्या भाषेत तो लिहिला गेला त्या भाषेच्या समीक्षेने मात्र त्याला अद्याप पुरता न्याय दिलेला नाही. प्रस्तुत लेखाचा हेतू या ग्रंथाचा गौरव करणे एवढाच नाही. परदेशात गेलेल्या माणसाच्या स्वत्वाचा प्रश्न वाङ्मयात कोणकोणत्या रूपांनी प्रकट होऊ शकतो, आणि आपला रूढ निकष त्यांपैकी कोणते रूप पाहू शकत नाही, हे या ग्रंथाच्या आधारे तपासावे असा विचार आहे.

२

ग्रंथामागील परिस्थिती थोडक्यात सांगणे अवश्य आहे. रमाबाईंचा जन्म १८५८ साली सह्याद्रीतील गंगामूळ येथे झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी पत्नीला संस्कृत शिकविले म्हणून त्यांना समाजाचा रोष पत्करावा लागला. पुढे या कुटुंबाने पुराणकथनावर निर्वाह करीत तीर्थक्षेत्रांतून वर्षानुवर्षे भ्रमंती केली. १८७० नंतरच्या दुष्काळी काळात आईवडील निवर्तले. रमाबाई आणि त्यांचे बंधू श्रीनिवासशास्त्री यांनी ही भ्रमंती चालूच ठेवली आणि १८७८ साली ते कलकत्त्यास पोहोचले. तेथील विद्वानांनी रमाबाईंना ‘पंडिता’ व ‘सरस्वती’ या पदव्या दिल्या. १८८० साली बिपिनबिहारी दास मेधावी यांच्याशी त्यांचा विवाह झाला व १८८२ च्या आरंभी त्यांना वैधव्य आले. त्याच वर्षी त्या पुण्यास आल्या. आर्य महिला समाजाची स्थापना, ‘स्त्रीधर्मनीति’ हा ग्रंथ आणि हंटर आयोगापुढील साक्ष या तिन्ही गोष्टी त्या एकाच वर्षातील आहेत.

१८८३ साली त्या लहानग्या मनोरमेला घेऊन इंग्लंडला गेल्या आणि त्याच वर्षी वाँटेज येथे त्यांनी ख्रिस्ती धर्माची दीक्षा घेतली. त्यांच्याच दूरच्या नात्यातील आनंदीबाई जोशी या वेळी फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयात शिकत होत्या. त्यांच्या पदवीदान समारंभासाठी महाविद्यालयाच्या प्रमुख डॉ. रेचल बॉडली यांनी रमाबाईंना निमंत्रण दिले. फेब्रुवारी १८८६ मध्ये रमाबाईंनी लिव्हरपूल सोडले आणि मार्चमधील त्या समारंभाला त्या उपस्थित राहिल्या. थोड्या दिवसांसाठी म्हणून केलेला हा प्रवास जवळजवळ तीन वर्षे लांबला. त्या काळात त्यांनी अमेरिकेत दूरवर संचार केला, व्याख्याने दिली, ‘द हाय-कास्ट हिंदू वुमन’ (१८८७) हे इंग्रजी पुस्तक प्रसिद्ध केले आणि हिंदू विधवांच्या शिक्षणासाठी साहाय्य मिळविले. बोस्टन येथे स्थापन झालेल्या रमाबाई असोसिएशनने दहा वर्षे अर्थसाहाय्य करण्याचे पत्करले. सॅन फ्रान्सिस्कोहून जपानमार्गे त्या फेब्रुवारी १८८९ मध्ये मुंबईस परतल्या, ११ मार्च रोजी त्यांनी शारदा सदन सुरू केले आणि त्याच वर्षी हा मराठी ग्रंथ प्रसिद्ध केला.

या तपशिलावरून एक गोष्ट ध्यानात यावी. परदेशी जाणाऱ्या सामान्य मराठी माणसाला घर नावाची एक स्थिर वस्तू असते. तो ती सोडून जातो, तिच्या आठवणीने व्याकुळ होतो आणि परत येऊन तिच्याकडे नव्या दृष्टीने पाहतो. प्रवासवर्णनाचा आपल्याला परिचित असलेला भावनिक आकार या स्थिर घरावर उभा आहे. रमाबाईंना असे घर कधी नव्हतेच. त्यांचे बालपण वाटेवरच गेले. त्यामुळे गृहविरहाची व्याकुळता त्यांच्या ग्रंथात शोधणारा वाचक निराश होईल. पण तो दोष ग्रंथाचा नसून अपेक्षेचा आहे.

३

ग्रंथाच्या नावाकडे पुन्हा एकदा पाहू. त्यात दोन पदे आहेत आणि त्यांचा क्रम अर्थपूर्ण आहे. ‘लोकस्थिति’ आधी, ‘प्रवासवृत्त’ नंतर. ग्रंथाची रचना या क्रमाला प्रामाणिक आहे. आरंभी समुद्रप्रवासाचे वर्णन येते. तेथे लेखिका व तिची कन्या आपल्याला दिसतात. परंतु भूमी दृष्टीस पडताच प्रवासी बाजूला होतो आणि देश पुढे येतो. राज्यव्यवस्था, राहणी व गृहस्थिती, शिक्षण, धर्मपंथ व धर्मादाय संस्था, स्त्रियांची स्थिती, व्यापार व उद्योग अशा क्रमाने विवेचन चालते. लेखिकेचे अनुभव येतात ते या विवेचनाच्या पोटात, दृष्टांतासारखे.

यावरून हा ग्रंथ म्हणजे शासकीय वृत्तांतासारखे काही रूक्ष लेखन असावे असा कोणाचा समज होईल, तर तो प्रत्यक्ष वाचनाने दूर होतो. याचे कारण ग्रंथाच्या निवेदनपद्धतीत आहे. अमेरिका खंडाचा परिचय करून देताना रमाबाईंनी त्याला पाताळ म्हटले आहे. आपल्या परंपरेतील पाताळलोक तो हाच, अशी ही मांडणी आहे. आजच्या वाचकाला यात केवळ गंमत दिसेल. काहींना भोळेपणाही दिसेल. मला त्यात लेखिकेची जुनी वृत्ती, म्हणजे तिचा मूळ व्यवसाय दिसतो. ही बाई पुराणिकाची मुलगी आहे आणि स्वतः पुराणिक आहे. वयाच्या विशीपर्यंत तिने देवळांच्या ओसरीवर बसून अपरिचित श्रोत्यांना अपरिचित लोकांच्या कथा सांगितल्या. सप्तद्वीपे, सप्तपाताळे, तेथील राजे, तेथील आचार यांची वर्णने हा पुराणकथनाचा नेहमीचा विषय. या श्रोत्यांना नवा भूगोल सांगायचा तर जुन्या भूगोलाच्या दारानेच आत नेले पाहिजे, हे तिला अनुभवाने ठाऊक होते.

पुराणिकाचे निवेदन आणि आधुनिक प्रवासवर्णनकाराचे निवेदन यांत एक मूलभूत भेद आहे. पुराणिक स्वतःविषयी बोलत नाही. त्याचे व्यक्तित्व कथेच्या निवडीत, दृष्टांतात, कोठे थांबायचे व कोठे विस्तार करायचा या निर्णयात आणि श्रोत्याला मध्येच हटकण्यात प्रकट होते. कथा परलोकाची असली तरी रोख समोर बसलेल्यांवर असतो. रमाबाईंच्या ग्रंथात ‘मी’ कमी आहे म्हणून लेखिका अनुपस्थित आहे, असे म्हणणे म्हणजे पुराणिक आत्मचरित्र सांगत नाही म्हणून तो ओसरीवर नाहीच असे म्हणण्यासारखे आहे.

पाताळाच्या कल्पनेत आणखी एक गंमत दडलेली आहे. पुराणातील पाताळ हे आपल्या पायांखाली आहे. ते खालचे आहे. पृथ्वी गोल मानली की मात्र हा उच्चनीचभाव टिकत नाही. पाताळात जाऊन उभ्या राहिलेल्या माणसाच्या पायांखाली आपण येतो. ज्याला आपण तळ म्हणत होतो तेथून पाहता आपणच तळ ठरतो. हा निष्कर्ष लेखिकेने शब्दांत मांडला आहे असा माझा दावा नाही. परंतु ग्रंथातील प्रत्येक तुलना याच उलट्या उभ्या राहिलेल्या दृष्टीतून केलेली आहे. तेथील मुलींच्या शाळांचे वर्णन वाचताना वाचकाच्या डोळ्यांपुढे येथील शाळाविहीन मुली याव्यात, अशी ही योजना आहे.

४

अमेरिकेच्या वास्तव्यातून रमाबाईंची दोन पुस्तके निर्माण झाली आणि ती एकमेकांशेजारी ठेवून वाचणे उद्बोधक आहे. १८८७ च्या इंग्रजी पुस्तकात अमेरिकन श्रोत्यांना हिंदू स्त्रीची स्थिती सांगितली आहे. १८८९ च्या मराठी ग्रंथात मराठी श्रोत्यांना अमेरिकन लोकांची स्थिती सांगितली आहे. निवेदक एकच, ओसरी बदलली, श्रोते बदलले आणि म्हणून कथाही बदलली.

येथे भाषेच्या एका विशेषाकडे लक्ष वेधणे अवश्य वाटते. मराठीत प्रथमपुरुषी अनेकवचनाची दोन रूपे आहेत. ‘आम्ही’ म्हटले की ऐकणारा वगळला जातो. ‘आपण’ म्हटले की तो सामावला जातो. इंग्रजीत हा भेद सर्वनामाने दाखविता येत नाही. परदेशात गेलेल्या माणसाच्या स्वत्वाचा प्रश्न पुष्कळ अंशी या दोन सर्वनामांच्या निवडीचा प्रश्न आहे. परक्यांसमोर उभे राहून आपल्या देशाविषयी बोलणारी व्यक्ती अपरिहार्यपणे ‘आम्ही’च्या भूमिकेत असते. ती प्रतिनिधी असते, कैफियत मांडणारी असते, पुष्कळदा याचकही असते. इंग्रजी पुस्तकाची भूमिका ही अशी आहे. त्यात दुःखाची मांडणी आहे आणि साहाय्याची अपेक्षा आहे. त्या पुस्तकाने आपल्या समाजाची लक्तरे परक्यांपुढे मांडली, असा आक्षेप त्या काळी घेण्यात आला. आणि ‘आम्ही’च्या भूमिकेला तो आक्षेप नेहमीच घेतला जातो.

मराठी ग्रंथाची भूमिका ‘आपण’ची आहे. येथे केवळ शब्दांची मोजदाद अभिप्रेत नसून संपूर्ण निवेदनाचा पवित्रा अभिप्रेत आहे. लेखिका वाचकाच्या शेजारी उभी राहून दुसरीकडे बोट दाखविते. तेथील लोकांनी अमुक केले. ते आपल्याला का करता येऊ नये, असा या ग्रंथाचा सूर आहे. आणि हा सूर कोणाचा आहे, हे विसरून चालणार नाही. जिने सहा वर्षांपूर्वी धर्मांतर केले होते, जिला वाचकांपैकी अनेकजण आपल्यातून गेलेली, परकी झालेली समजत होते, तिचा हा सूर आहे. ज्यांनी तिला ‘त्या’ म्हणून संबोधावे, त्यांना ती ‘आपण’ म्हणून संबोधते. माझ्या मते या ग्रंथातील खरे नाट्य येथे आहे. ते प्रसंगांत नाही म्हणून आपल्याला जाणवत नाही. ते व्याकरणात आहे.

या ‘आपण’वर लेखिकेचा अधिकार होता काय, असा प्रश्न त्या काळच्या वाचकाने विचारला असेल, आणि आजही कोणी विचारील. त्याचे उत्तर देण्यासाठी १८८६ च्या मार्चमधील फिलाडेल्फियाच्या समारंभाकडे वळावे. तेथे दोन मराठी स्त्रिया उपस्थित होत्या. आनंदीबाईंनी निघण्यापूर्वी, १८८३ च्या फेब्रुवारीत, श्रीरामपूर येथील भाषणात आपण हिंदू म्हणून जाऊ व हिंदू म्हणूनच परत येऊ असे जाहीर केले होते आणि ते वचन पाळले. रमाबाईंनी धर्म बदलला होता. परंतु त्यांनी पांढरे लुगडे सोडले नाही, मांसाहार पत्करला नाही आणि मराठी टाकली नाही. वाँटेज येथील पत्रव्यवहारातून असे दिसते की, गळ्यातील क्रूसावर लॅटिन अक्षरे असावीत हे त्यांना मान्य नव्हते; संस्कृत का नको, असे त्यांचे म्हणणे होते. इंग्रज पुरुष विद्यार्थ्यांना शिकविण्यास हिंदुस्थानातील वरिष्ठ ख्रिस्ती धर्माधिकाऱ्यांनी हरकत घेतली तेव्हा त्यांनी तीव्र प्रतिवाद केला. नव्या धर्मातही गुरूंची आज्ञा त्यांनी निमूटपणे मानली नाही.

धर्म, वेष, आहार, भाषा ही स्वत्वाची चार अंगे मानली तर या दोघींनी ती वेगवेगळ्या प्रमाणात जपली वा बदलली. मराठी समाजाने धर्म या एकाच अंगावरून निर्णय केला. आनंदीबाई ‘आपल्या’ राहिल्या आणि रमाबाई ‘त्यांच्या’ झाल्या. १८९३ साली शारदा सदनातील धर्मविषयक वाद पेटला, अनेक पालकांनी मुली काढून नेल्या, आणि त्यानंतर लेखिकेविषयीचा हा निर्णय अधिकच पक्का झाला. ज्या वाचकांसाठी ‘आपण’ हे सर्वनाम वापरले होते, त्यांनीच ते परत केले असे म्हणता येईल. पण वाङ्मयाच्या अभ्यासकाने या निर्णयाला बांधून घेण्याचे कारण नाही. ग्रंथ ज्या भाषेत, ज्या श्रोत्यांसाठी व ज्या निवेदनपरंपरेत रचला गेला, त्यावरून त्याचे आप्तत्व ठरते. लेखकाच्या उपासनेवरून नव्हे.

५

परदेश एकसंध असतो असे समजणे हा प्रवाशाचा नेहमीचा प्रमाद. ‘इंग्रज असे असतात’, ‘फ्रेंच तसे असतात’ अशी विधाने प्रवासवर्णनांत सहज येतात आणि विनोदाला ती उपकारकही ठरतात. रमाबाईंचा ग्रंथ हा प्रमाद पुष्कळ अंशी टाळतो. त्यांना अमेरिका एक देश म्हणून दिसते, तशीच ती अनेक लोकांची भूमी म्हणूनही दिसते. युरोपीयांच्या आगमनाने मूळ रहिवाशांची कशी वाताहत झाली, याचे वर्णन त्या करतात. त्यात शोधकांच्या पराक्रमाचे कौतुक नाही. आफ्रिकेतून आणलेल्या गुलामांची हकिकत त्या सांगतात आणि गुलामगिरी नष्ट झाल्यानंतरही उरलेल्या वर्णद्वेषाचा निषेध करतात.

त्या काळाच्या घडामोडी लक्षात घेतल्या म्हणजे या दृष्टीचे महत्त्व कळते. चिनी मजुरांना देशात येण्यास बंदी करणारा कायदा १८८२ साली झाला होता. मूळ रहिवाशांच्या सामाईक जमिनींचे खाजगी तुकडे पाडणारा डॉझ कायदा १८८७ साली, म्हणजे रमाबाई तेथे असतानाच, संमत झाला. गुलामगिरी १८६५ साली घटनादुरुस्तीने रद्द झाली होती आणि वर्णावरून मताधिकार नाकारता येणार नाही अशी दुरुस्ती १८७० साली झाली होती. तथापि दक्षिणेत तो हक्क व्यवहारात हिरावून घेतला जात होता. स्त्रियांना वायोमिंग प्रदेशात १८६९ पासून मताधिकार होता. सबंध देशासाठी तो घटनेत येण्यास १९२० साल उजाडले. स्वातंत्र्याच्या या देशातही स्वातंत्र्याचे वाटप असे विषम होते.

ज्या समाजात जन्मावरून माणसाची पायरी ठरते त्या समाजातून आलेल्या लेखिकेला ही विषमता ओळखू यावी, हे स्वाभाविक वाटेल. प्रत्यक्षात ते तितके स्वाभाविक नाही. आपल्या घरची उतरंड ज्याला दिसते त्याला परक्याची उतरंड दिसतेच असे नाही. उलट परक्याच्या वैभवाने दिपून त्याच्या घरातील अंधार न पाहणारे प्रवासी पुष्कळ झाले. रमाबाईंच्या बाबतीत जातिभेद आणि वर्णभेद एकमेकांवर प्रकाश टाकतात. तेथील स्त्रियांनी गुलामगिरीविरुद्धच्या चळवळीत भाग घेतला व त्यातून त्यांना स्वतःच्या दास्याची जाणीव झाली, ही संगती त्यांनी विशेष लक्षपूर्वक मांडली आहे. स्त्रियांच्या स्थितीवरील प्रकरण या ग्रंथाचे हृदय आहे, ते याच कारणाने.

या चित्रात एक तिसरा देशही आहे, आणि तो म्हणजे इंग्लंड. अमेरिका ही एके काळी इंग्लंडची वसाहत होती व १७७६ साली तिने आपले स्वातंत्र्य पुकारले, ही गोष्ट परतंत्र देशातील लेखिकेच्या दृष्टीने केवळ ऐतिहासिक नव्हती. राजा नसलेले राज्य चालते, सामान्य माणसे एकत्र येऊन संस्था काढतात, स्त्रिया सभा चालवितात, हे सर्व सांगताना राज्यकर्त्यांच्या देशाशी तुलना सूचित होत राहते. १८८९ साली मुंबईत मराठीत छापलेल्या ग्रंथाने वाचकाला असे सुचवावे की पश्चिम म्हणजे इंग्लंड नव्हे आणि सुधारणा म्हणजे राज्यकर्त्यांचे अनुकरण नव्हे, ही लहान गोष्ट नाही.

६

ग्रंथाच्या मर्यादा झाकून ठेवणे हा समीक्षेचा धर्म नव्हे. रमाबाईंनी अमेरिका पाहिली ती मुख्यतः आपल्या यजमानांच्या मेळाव्यातून. हे यजमान सुशिक्षित, सुखवस्तू, प्रोटेस्टंट पंथाचे व बहुतांशी श्वेतवर्णी होते. मद्यपानविरोधी चळवळ चालविणाऱ्या फ्रान्सेस विलर्ड यांच्या संघटनेविषयी त्यांना वाटणारा आदर ग्रंथात मुक्तपणे व्यक्त झाला आहे. या मंडळींच्या सद्हेतूंविषयी शंका घेण्याचे कारण नाही. पण त्यांच्या दिवाणखान्यातून जो देश दिसतो तोच संपूर्ण देश नव्हे. लेखिकेने मूळ रहिवाशांच्या व कृष्णवर्णीयांच्या बाजूने लिहिले, तरी त्यांचे स्वतःचे बोलणे आपल्या कानी फारसे पडत नाही. त्यांच्याविषयी सांगणारा आवाज दुसऱ्याचा आहे. इंग्रजी पुस्तकात हिंदू विधवेची बाजू एका हिंदू विधवेने मांडली होती. मराठी ग्रंथात हे नाते जुळणे शक्य नव्हते.

दुसरी मर्यादा कृतज्ञतेची आहे. ज्या समाजाने दहा वर्षांच्या अन्नवस्त्राची हमी घेतली त्याच्याविषयी लिहिताना लेखणी मृदू होणे मनुष्यस्वभावाला धरून आहे. शिवाय ग्रंथाचा हेतू उपदेशाचा असल्याने अनुकरणीय गोष्टींवर भर पडला आणि चित्र उजळ झाले. पुराणिक ज्याप्रमाणे रामराज्याचे वर्णन करताना प्रजेच्या कुरबुरी सांगत बसत नाही, तसेच हे झाले आहे. जी निवेदनपद्धती या ग्रंथाचे बळ ठरली, तिच्यातूनच त्याचा हा उणेपणा उत्पन्न झाला आहे.

तिसरी गोष्ट रचनेची. आकडे, संस्थांची नावे व कार्यपद्धती यांचा विस्तार काही ठिकाणी वाचकाच्या सहनशक्तीची परीक्षा पाहतो. तथापि ज्या वाचकांना अशी माहिती मराठीत अन्यत्र मिळण्याची सोय नव्हती, त्यांच्यासाठी तो विस्तार होता, हे ध्यानी घेतले पाहिजे.

७

आता पुन्हा आरंभीच्या प्रश्नाकडे येऊ. ‘अपूर्वाई’चा निवेदक आणि रमाबाईंच्या ग्रंथाचा निवेदक यांची तुलना केली तर काय दिसते? ‘अपूर्वाई’त विलायतेला निघालेला मराठी मध्यमवर्गीय माणूस आहे. त्याच्या स्वत्वाची त्याला खात्री आहे. किंबहुना ही खात्रीच त्या ग्रंथातील विनोदाची जननी आहे. परदेशातील प्रत्येक अनुभव तो आपल्या चवीच्या, सुरांच्या व आठवणींच्या संदर्भात तोलतो. वाचक त्याच्याशी सहज एकरूप होतो, कारण तो वाचकाच्याच घरातला आहे. हे यश मोठे आहे. पण ते शक्य झाले, याचे एक कारण असे की त्या निवेदकाला ‘आपण’ म्हणण्याचा हक्क कोणी नाकारला नव्हता. तो त्याला जन्मतः मिळाला होता, आणि १९४७ नंतरच्या स्वतंत्र देशाच्या नागरिकत्वाने तो दृढ झाला होता.

रमाबाईंना हा हक्क प्रत्येक पानावर मिळवावा लागला. म्हणूनच त्यांच्या ग्रंथात स्वत्वाची मौज नाही, स्वत्वाचा दावा आहे. अशा लेखकाला ‘मी’ पुढे करणे परवडत नाही. त्याने ‘मी’ म्हटले की वाचक विचारतो, ‘तू कोण?’ मग तो ‘मी’ मागे ठेवतो आणि ‘लोकस्थिति’ पुढे करतो. त्याचे मौन हे व्यक्तित्वाच्या अभावाचे लक्षण नसून त्या व्यक्तित्वावर आलेल्या दडपणाचे लक्षण असते. आपल्या रूढ निकषाला हे मौन ऐकू येत नाही, कारण तो निकष ज्यांचे स्थान निश्चित आहे अशा लेखकांच्या लेखनावरून बनविलेला आहे.

यावरून असे म्हणता येईल की प्रवासवर्णनाची परीक्षा करताना प्रवाशाचा ‘मी’ किती दिसतो, एवढेच विचारणे पुरेसे नाही. तो कोणाशी बोलतो, कोणाला ‘आपण’मध्ये घेतो, कोणाला ‘ते’ म्हणून दूर ठेवतो, आणि त्याला स्वतःला ‘आपण’मध्ये कोण घेते, हेही विचारले पाहिजे. हे प्रश्न विचारले तर केवळ रमाबाईंचाच नव्हे, तर विष्णुभट गोडसे यांच्या ‘माझा प्रवास’ या ग्रंथाचाही वेगळा विचार करावा लागेल. वरसईहून १८५७ साली उत्तरेकडे गेलेल्या या भिक्षुकाने सुमारे पंचवीस वर्षांनी लिहून काढलेले व १९०७ साली प्रसिद्ध झालेले हे वृत्त देशातल्या देशात परका होण्याच्या अनुभवाचे आहे. आज तर जगाच्या अनेक देशांत मराठी कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या स्थायिक झाली आहेत. जाऊन परत येणाऱ्या प्रवाशाची कथा त्यांना पुरणार नाही. येथून गेलेला आणि तेथे राहिलेला माणूस मराठीत लिहू लागला म्हणजे तो ‘आपण’ कोणाला म्हणेल, हा प्रश्न त्यांच्या लेखनात उद्या-परवा उभा राहणारच आहे. त्या प्रश्नाचे एक पूर्वरूप १८८९ साली मराठीत लिहून ठेवलेले आहे.

रमाबाई पुढे केडगावला राहिल्या. मूळ भाषांवरून बायबलचे मराठी भाषांतर करण्यात त्यांनी आयुष्याची अखेरची वर्षे घालविली आणि १९२२ साली त्या निवर्तल्या. अखेरपर्यंत ज्या भाषेत त्या लिहीत राहिल्या ती मराठीच होती. आपल्या वाङ्मयाच्या इतिहासाने त्यांना समाजसुधारकांच्या दालनात मानाने बसविले आहे. त्याबद्दल तक्रार नाही. परंतु प्रवासवर्णनाच्या ओसरीवरही त्यांची एक जागा आहे, आणि ती अद्याप रिकामी आहे. नव्या अभ्यासकांनी मूळ ग्रंथ हाती घेऊन ती भरून काढावी, एवढीच विनंती.